सांबा : दोन प्रणालींमधील दुभाषी
भिन्न कार्यप्रणालींच्या संगणकांनी परस्परांच्या फायली वाचाव्यात, यास समान संकेतभाषा लागते. ती कोणाच्या स्वाधीन असावी, हाच येथील मूळ प्रश्न होय. इ. स. १९९१ च्या अखेरीस कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील संशोधक विद्यार्थी अँड्र्यू ट्रिजेल यांस डॉस संगणकावरून युनिक्सवरील फायली वापरावयाच्या होत्या. त्यांनी तारेवरून जाणारे संदेश टिपून त्यांचा अर्थ लाविला आणि पुढे 'सांबा' या नावाने प्रसिद्धी पावलेल्या आज्ञावलीचा पाया घातला. युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला अशा संकेतांची माहिती उघड करण्याचा आदेश दिला. २००७ मध्ये न्यायालयाने तो मुख्यतः कायम केला व त्याच वर्षअखेर सांबाच्या कर्त्यांस ती कागदपत्रे उपलब्ध झाली. निरीक्षणाने आरंभिलेल्या कार्यास सोळा वर्षांनी न्यायाचे पाठबळ लाभले. परंतु त्या निरीक्षणावाचून न्यायालयापुढे मांडावयास पर्यायच उरला नसता.