ब्रिक्स हा कोण माणूस?

हंगामाच्या तोंडाला आमचे आबा फडात उभे होते. हातात रिफ्रॅक्टोमीटर. उसाच्या रसाचा थेंब काचेवर टाकला, एक डोळा मिटला, दुसरा भिंगाला लावला. "एकोणीस लागला बघ," म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आरं, तू जर्मन शिकलास न्हवं? मग ह्यो ब्रिक्स म्हंजी काय आसतंय?"

"आबा, ब्रिक्स माणूस होता. जर्मन."

आबांना ती थट्टाच वाटली. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी माझ्या धंद्याबद्दल. मी राधानगरीत घरी बसून भाषांतराची कामं करतो. प्रयोगशाळेतली यंत्रं बनवणाऱ्या जर्मन कंपन्यांची माहितीपुस्तकं इंग्रजीत आणायची. तराजू, सेंट्रिफ्यूज, पोलॅरिमीटर असली यंत्रं. पैसे शब्दांवर मिळतात. लाइट गेली की काम बंद. हे काम करता करताच लक्षात आलं, की आपल्या उसाच्या पट्ट्यात रोज बोलले जाणारे आकडे मूळचे जर्मन आहेत.

१७४७ मध्ये बर्लिनच्या मार्कग्राफ या रसायनतज्ज्ञानं दाखवलं, की बीटात उसासारखीच साखर असते. त्याचा शिष्य आखार्ड यानं १८०१ मध्ये सायलेशियातल्या कुनेर्न गावी बीटसाखरेचा पहिला कारखाना काढला. पुढे जर्मन राज्यांनी कर बसवला तो बीटाच्या वजनावर. साहजिकच तेवढ्याच बीटातून जो जास्त साखर काढेल, तो जिंकेल. त्यामुळे रसात साखर किती, हे अचूक मोजणं हा पोटाचा प्रश्न झाला. शंभर वर्षांत बीटातली साखर दुपटीहून जास्त वाढली, ती या मोजणीच्या जोरावर.

१८५० च्या दशकात प्रशियाच्या अडोल्फ ब्रिक्स यांनी साखरेच्या द्रावणाची घनता आणि त्यातली टक्केवारी यांचे तक्ते बसवले. आबांचा 'एकोणीस' तिथला. १८६४ मध्ये बर्लिनला श्मिट उंड हेन्श ही कंपनी निघाली. तिचे पोलॅरिमीटर जगभरच्या साखर कारखान्यांत गेले. साखरेच्या पाण्यातून ठरावीक प्रकारचा प्रकाश सोडला की त्याच्या कंपनांची दिशा वळते; जितकी साखर जास्त तितकं वळण जास्त. कारखान्याच्या अहवालात 'पोल' लिहितात ते हेच. १८६९ मध्ये येना शहरात एर्न्स्ट आबे यांनी रिफ्रॅक्टोमीटर बनवला. आमच्या आबांच्या हातातलं यंत्र त्या आबेंच्याच यंत्राचं नातवंड! १८९७ मध्ये हँबर्गला साखर तपासणीच्या पद्धती जगभर एकसारख्या करण्यासाठी आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला. पोलसाठी २६ ग्रॅम नमुना १०० मिलिलिटर द्रावणात, २० अंश तापमानाला घ्यायचा, हे १९०० मध्ये ठरलं. आपल्याकडचे साखर केमिस्ट आजही तो २६ चा आकडा पाठ सांगतात.

त्या काळात आपल्याकडे काय होतं? गुऱ्हाळं होती. गुळव्या काहिलीतला पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघायचा आणि काहील उतरवायला सांगायचा. ती मोजणी त्याच्या बोटांत होती आणि त्याच्याच भाषेत होती. शाहू महाराजांनी शाहूपुरीची गूळपेठ वसवली, भोगावतीवर राधानगरीचं धरण बांधायला घेतलं. धरण पुरं झालेलं बघायला ते राहिले नाहीत, पण पाणी आलं, ऊस वाढला. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी कारखाना सुरू झाला आणि मग आपल्याकडेही कारखाने उभे राहिले. कारखाना आपला, सभासद आपण. पण प्रयोगशाळेतली मोजणी मात्र जर्मनमधून इंग्रजीत आली आणि तिथंच थांबली.

आता मोजणीत भाषेनं काय बिघडतं, ते सांगतो. जर्मनमध्ये 'मुस निश्त' म्हणजे 'करायची गरज नाही', आणि 'डार्फ निश्त' म्हणजे 'करायचंच नाही'. सुरुवातीला एका सेंट्रिफ्यूजच्या पुस्तकात मी हे दोन उलटे लिहिले होते. तपासणाऱ्या बाईंनी पकडलं म्हणून वाचलो. जर्मन लोक दशांशाच्या जागी स्वल्पविराम देतात आणि हजाराच्या जागी टिंब. तिथं डुलकी लागली तर एकाचे हजार होतात.

सगळ्यात महत्त्वाचे तीन शब्द: 'कालिब्रीरन' म्हणजे यंत्र किती चुकतंय ते तपासून नोंदवणं. 'युस्टीरन' म्हणजे ती चूक काढून यंत्र सुधारणं. 'आयशन' म्हणजे सरकारनं तपासून शिक्का मारणं. आपल्याकडे तिन्हींना सरसकट 'कॅलिब्रेशन झालंय' म्हणतात. मग नेमकं काय झालंय? चूक नुसती नोंदवली, की काढली, की शिक्का मारला? हा प्रश्नच कुणी विचारत नाही.

आबांच्या यंत्राच्या पुस्तकात एक ओळ आहे: तापमान २० अंशांपेक्षा जास्त असेल तर दुरुस्ती मिळवा. यंत्र ती आपोआप करणारं नसेल, तर ३० अंशांना जवळजवळ ०.८ मिळवावे लागतात. म्हणजे एकोणीस नव्हे, पावणेवीसच्या वर. ऊस पिकलाय की नाही हे ठरवताना हा फरक लहान नाही. ती ओळ इंग्रजीत होती. आबांनी पुस्तक उघडलंच नव्हतं.

२०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे, आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. टनाला ३४ रुपये ६० पैसे. उतारा थेट ब्रिक्सवरून ठरत नाही हे खरं. तो गाळलेला ऊस आणि तयार साखर यांच्या हिशेबातून निघतो. पण बगॅसमध्ये किती साखर गेली, मळीत किती गेली, हे पोल आणि ब्रिक्सच सांगतात. गळती कळली तर थांबवता येते.

युरोपात यंत्र ज्या देशात विकायचं, तिथल्या अधिकृत भाषेत सूचना द्याव्याच लागतात. २००६ पासूनच्या निर्देशात ते स्पष्ट आहे. माझं पोट त्याच नियमावर चालतं. मराठीत पुस्तक द्या, असं मला आजवर एकाही कंपनीनं सांगितलेलं नाही. कारण आपण मागितलेलं नाही.

काटामारीवर आपण बोललो, भांडलो, वजनकाट्याचा शिक्का बघायला शिकलो. आता एक पाऊल पुढं जाऊ. येत्या वार्षिक सभेत दोनच गोष्टी मागा. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक यंत्राशेजारी मराठीत एक पानाची सूचना. आणि यंत्र कधी तपासलं, किती चुकत होतं, चूक काढली का, याची सभासदाला बघता येईल अशी नोंदवही.

ते एक पान मराठीत करून द्यायला मी तयार आहे. शब्दांचे पैसे घेणार नाही. आबांचं पान कालच लिहून दिलंय.