अडकवलेल्या वस्तूचे भाडे

दुरुस्तीला दिलेली वस्तू आणि तिची मजुरी यांवरून होणारे भांडण बहुधा पहिले चाक मोडले त्या दिवसापासून चालत आले असावे. हे भांडण समजण्यासारखे आहे. एकाला आपले श्रम मोठे वाटतात, दुसऱ्याला आपले पैसे. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. परंतु या भांडणाला एक धाकटे भावंड आहे आणि ते थोरल्यापेक्षा अधिक खट्याळ आहे. काम झाले, ठरलेली मजुरी देण्यासाठी आपण खिशात हात घातला, आणि दुकानदार वहीतून मान वर न काढता म्हणतो, "मजुरी ही झाली; जागाभाड्याचे काय?" वस्तू आपली, जागा त्याची, आणि या दोहोंच्या मधले जे दिवस गेले ते नेमके कोणाचे, हा प्रश्न. वाचकांना तो क्षुल्लक वाटेल. पण या प्रश्नावर आपले स्मृतिकार बोलले आहेत, आणि इंग्लंडातील सर्वोच्च न्यायासनाला तर यावर दोनदा निकाल द्यावा लागला आहे. माझी विद्या मॅट्रिकपर्यंतची; कायद्याची पुस्तके मी वाचतो ती कथानकांच्या शोधात. तेव्हा वकील मंडळींनी या लेखाकडे थोड्या उदार दृष्टीने पाहावे.

आपल्याकडील जुन्या ग्रंथांत या बाबतीतले सगळे दडपण कारागिरावर आहे, हे प्रथम ध्यानात येते. याज्ञवल्क्याने परिटाला बजावले आहे की, गिऱ्हाइकाचे वस्त्र स्वतः नेसलास तर तीन पण दंड. ते विकलेस, भाड्याने दिलेस, गहाण टाकलेस किंवा कोणाला उसने दिलेस, तर दहा पण. नियम आहे त्या अर्थी तसे घडत असले पाहिजे. लग्नसराईत दुसऱ्याचा शेला पांघरून मिरवणारी मंडळी त्या काळीही असणारच! कौटिल्याने तर दिवसांचा हिशेबच बांधून दिला आहे. फिकट रंगाचे कापड पाच रात्रींत परत करावे, निळीचे सहा रात्रींत, आणि लाख, मंजिष्ठ अशा कौशल्याच्या रंगाचे सात रात्रींत. त्यापुढे वेळ लागला तर मजुरी बुडाली. 'वस्तू माझ्याकडे इतके दिवस पडली' असे म्हणून भाडे मागण्याची सोयच या हिशेबात नाही; उलट प्रत्येक जादा दिवस कारागिराच्याच अंगावर येतो.

याहून कडक आहे तो कात्यायन. त्याची मूळ स्मृती हरवली. निरनिराळ्या निबंधग्रंथांत विखुरलेली तिची वचने महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी जमवून १९३३ साली प्रसिद्ध केली, म्हणून ती आज आपल्याला एकत्र वाचता येतात. कारागिराकडे दिलेल्या वस्तूला नारदाने ठेवीचेच नियम लावले होते. ठेवीचा सर्वसाधारण नियम असा की, वस्तू दैवाने नष्ट झाली तर ठेवून घेणाऱ्याकडे दोष नाही. कात्यायन त्यात एक पाचर मारतो. काम पुरे करण्याचे दिवस ठरले असतील आणि त्यांच्यापलीकडे कारागिराने वस्तू ठेवून घेतली असेल, तर पुढे ती दैवाने गेली तरी भरपाई त्यानेच करायची. आग लागो, पूर येवो. उशीर तुझा, म्हणून दैवही तुझेच. इतका रोखठोक विचार मला दुसरीकडे क्वचितच आढळला.

मध्यंतरी घरचे शिलाई मशीन मी तालुक्याच्या गावी एका दुकानात दुरुस्तीला दिले होते. सुटा भाग मुंबईहून यायचा होता. तो चार महिने आला नाही. मी तीन वेळा एस. टी.ने जाऊन चौकशी करून आलो. अखेर मशीन तयार झाले, आणि मजुरीच्या खाली एक ओळ वाढलेली दिसली : जागाभाडे, चार महिन्यांचे. म्हणजे त्याच्या विलंबाचे भाडे मी द्यायचे! शब्दाने शब्द वाढला, शेजारचा पानवाला मध्यस्थीला आला, आणि मशीन घरी हवे होते म्हणून मी पैसे दिले. पावती मागितली तेव्हा तीवर 'दुरुस्ती' एवढेच लिहून मिळाले. 'जागाभाडे' हा शब्द कागदावर उतरवायला तो गृहस्थ तयार नव्हता. त्याचे ते शहाणपण मला पुढे वाचनात अधिक कळले.

आता इंग्लंडकडे वळू. कारण आपल्या दुकानदाराला वस्तू अडकवून ठेवण्याचा जो हक्क आज कायद्याने आहे, तो तिकडून आला. त्या हक्काला इंग्रजीत 'लीन' म्हणतात. आपल्या भाषेत लीन म्हणजे नम्र. हा हक्क बजावणारा मनुष्य मात्र तसा क्वचितच असतो. या हक्काची सर्वांत गमतीची कथा १६०५ सालच्या एका खटल्यात आहे. सराईत उतरलेल्या प्रवाशाचा घोडा, वैरणीचे पैसे मिळेपर्यंत, सराईवाला अडकवू शकत असे. पण अडकवलेला घोडाही रोज खातच असतो. मग? लंडन आणि एक्झेटर या शहरांत अशी रूढी होती की, घोड्याने स्वतःच्या किमतीइतके खाऊन संपवले, म्हणजे चार शेजाऱ्यांकडून त्याची किंमत करवून सराईवाल्याने तो आपलासा करावा. आपली किंमत आपणच खाणारा हा प्राणी मला फार दिवस विसरता आला नाही.

पण हा मान प्रत्येक घोडेवाल्याला नव्हता. सराईवाल्याला प्रवाशाला नाही म्हणता येत नसे, म्हणून त्याला हे संरक्षण. पुढे १८२८ मध्ये ठरले की, घोड्याला शर्यतीसाठी तयार करणारा शिक्षक घोडा अडकवू शकतो, कारण त्याने आपल्या कौशल्याने घोड्याची किंमत वाढवली. उलट १८३३ मध्ये ठरले की, नुसता चारण्यासाठी घोडा ठेवून घेणाऱ्याला तो हक्क नाही. वस्तूत आपले श्रम ओतणारा आणि वस्तूला केवळ जागा देणारा, यांत न्यायाधीशांनी अशी रेघ ओढली.

ही रेघ कसाला लागली ती 'ब्रिटिश एम्पायर' नावाच्या जहाजाच्या प्रकरणात. जहाज दुरुस्तीसाठी सोम्स नावाच्या कारखानदाराच्या सुक्या गोदीत घातले होते. काम पुरे झाले; पैशांवरून तटले. कारखानदाराने सांगितले : बिल चुकते झाल्याखेरीज जहाज सोडणार नाही, आणि ते माझ्या गोदीत आहे तोवर दर दिवसाचे २१ पौंड द्यावे लागतील. त्या काळचे २१ पौंड, आणि तेही रोजचे! व्यापारी जहाज गोदीत उभे राहणे म्हणजे कंपनीचा दुहेरी तोटा. कंपनीने तक्रार नोंदवून सगळी रक्कम भरली, जहाज सोडवले, आणि गोदीचे भाडे परत मिळावे म्हणून दावा लावला.

कारखानदाराची बाजू पोकळ होती असे नव्हे. गोदी त्याची, हे जहाज हलले असते तर दुसरे आत आले असते आणि त्याचे काम त्याला मिळाले असते. दिवसागणिक त्याचे खरोखरच नुकसान होत होते. तरीही १८५८ मध्ये क्वीन्स बेंचने, नंतर वरच्या न्यायालयाने, आणि शेवटी १८६० मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने कंपनीच्याच बाजूने निकाल दिला. विचार सरळ होता. जहाज गोदीत राहिले ते मालकाच्या इच्छेने नव्हे, त्याच्या इच्छेविरुद्ध. आणि ते ठेवण्यात हित होते ते कारखानदाराचे, आपल्या पैशांची हमी म्हणून. जो स्वतःसाठी वस्तू धरून बसतो त्याने धरून बसण्याचा खर्च दुसऱ्याकडे मागू नये. मला या निकालातली खरी मेख पुढेच दिसते. भाडे मान्य झाले असते तर देणे आपोआप फुगत गेले असते. आज जो बिल देऊ शकत नाही तो महिन्याने बिल अधिक भाडे कोठून देणार? मग दुरुस्तीपेक्षा अडकवणे हाच किफायतशीर धंदा झाला असता.

बारा वर्षांनी, १ सप्टेंबर १८७२ पासून, हिंदुस्थानात कराराचा कायदा लागू झाला. त्याच्या १७० व्या कलमात कारागिराचा हा हक्क आहे : ज्या वस्तूवर श्रम वा कौशल्य खर्च केले ती वस्तू, योग्य मोबदला मिळेपर्यंत, ठेवून घेता येते. कलमाखालची उदाहरणे फार सुबक आहेत. जवाहिऱ्याला पैलू पाडायला दिलेला हिरा तो अडकवू शकतो. पण ज्या शिंप्याने 'कोट शिवून होताच देतो, पैसे तीन महिन्यांनी द्या' असे कबूल केले, त्याला कोट अडकवता येत नाही. हक्क आहे तो केलेल्या कामाच्या मोबदल्यापुरता; जागाभाड्याचा शब्द त्या कलमात कोठेही नाही. भाडे हवे असेल तर ते आधी ठरवावे लागते.

येथे कोणी म्हणेल, मग गिऱ्हाइकाने वस्तू न्यायचीच नाही असे ठरवले तर? त्याचे उत्तर मिळाले ते मुंबईला यायच्या गव्हाच्या निमित्ताने. खटला दुरुस्तीचा नव्हता, पण मुद्दा हाच होता. १९७४ च्या जानेवारीत 'विन्सन' हे जहाज अमेरिकेतून मुंबईकडे गहू आणीत असता दक्षिण चीन समुद्रात नॉर्थ डेंजर रीफ या खडकावर चढले. नाव 'डेंजर' असूनही व्हायचे ते झाले. बचाव करणाऱ्या कंपनीने १५,४२९ टन गहू उतरवून मनिलाला नेला आणि तो भिजून सडू नये म्हणून आपल्या खर्चाने गोदामांत ठेवला. गहू भारतीय अन्न महामंडळाचा. गोदामाचे भाडे कोणी द्यायचे? मधल्या न्यायालयाने महामंडळाच्या बाजूने कौल दिला. पण १९८१ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने तो फिरवला. 'ब्रिटिश एम्पायर'चा दाखला पुढे आलाच. त्यावर उत्तर असे की, तेथे जहाज मालकाला हवे असताना अडवले होते. येथे गहू कोणी अडवला नव्हता, तो मालकाच्याच हितासाठी जपला होता. म्हणून खर्च मालकाचा.

एकशे एकवीस वर्षांच्या अंतराने दिलेले हे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवले म्हणजे जागेचे भाडे जागेवरून ठरत नाही, वस्तू कोणासाठी पडून राहिली यावरून ठरते, हे दिसते. आज अपघातात सापडलेली मोटार गॅरेजमध्ये पडून राहते; विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो, मंजुरी रेंगाळते, आणि अखेरच्या बिलात दिवसागणिक 'पार्किंग' उगवते. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, आणि आता त्याची जागा घेतलेल्या २०१९ च्या कायद्याने, अशा गिऱ्हाइकाला दाद मागण्याची वाट दिली आहे. तेथे उभे राहताना कागद पाहावे लागतात : भाडे आधी सांगितले होते काय, गाडी तयार असल्याचे पत्र केव्हा दिले, आणि उशीर कोणाचा. कौटिल्याच्या रात्रीच येथे पुन्हा मोजल्या जातात.

एवढे सगळे गिऱ्हाइकाच्या बाजूने झाले. पण गरीब कारागिराचेही एक दुःख आहे, आणि त्याला आपल्या १७० व्या कलमात औषध नाही. ते कलम वस्तू ठेवून घेऊ देते, विकू देत नाही. गहाण ठेवून घेणाऱ्याला रीतसर सूचना देऊन विक्री करता येते. कारागिराला तसे नाही. इंग्लंडने १९५२ मध्ये खास कायदा करून, दुरुस्तीला आलेली वस्तू मालकाने नेलीच नाही तर नोटिसा देऊन, बारा महिन्यांनंतर ती लिलावाने विकण्याची मुभा दिली; १९७७ मध्ये त्या जागी नवा कायदा आला. आमच्या गावच्या घड्याळजीच्या खणात मात्र न नेलेली सव्वीस घड्याळे आहेत. काहींचे मालक गाव सोडून गेले, काहींचे जग. पावतीवर 'तीन महिन्यांनंतर जबाबदारी राहणार नाही' असे छापलेले आहे. पण तो ती विकत नाही, आणि कोणाचा मुलगा वा नातू विचारीत आला तर मजुरीपेक्षा एक पैसा अधिक मागत नाही. यंत्र गंजू नये म्हणून दर दसऱ्याला तो सगळ्यांना चावी देतो, आणि संध्याकाळपर्यंत ती सव्वीसही त्या खणात आपापली वेळ दाखवीत असतात.