आईची नागीण आणि आयोडीनचे थेंब

१९६८ साली आईच्या कपाळावर उजव्या बाजूला नागीण उठली. मी तेव्हा कॉलेजात होतो. शेजारच्या आज्जींनी गेरूचा लेप दिला आणि "तोंड-शेपूट एक होऊ देऊ नका" म्हणून बजावले. आठवड्याने मिरजेला डॉक्टरांकडे नेले, तोवर डोळ्यात फूल पडले होते. त्या डोळ्याने तिला पुढे नीट दिसलेच नाही. लवकर नेले असते तर? हा प्रश्न मला जन्मभर टोचत आला. म्हणून निवृत्तीनंतर थोडे वाचन केले.

नागीण म्हणजे लहानपणच्या कांजिण्यांचाच विषाणू. तो मज्जातंतूच्या मुळाशी दडून बसतो आणि उतारवयात त्याच तंतूच्या वाटेने बाहेर येतो. म्हणून ती सहसा एकाच बाजूला उठते. तोंड-शेपटाची भीती व्यर्थ! खरी भीती डोळ्याची, कारण कपाळाच्या तंतूचीच एक शाखा डोळ्याकडे जाते.

आयोडीन आपल्याला माहीत ते शाळेच्या प्रथमोपचार पेटीतले. पण १९५९ साली अमेरिकेत येल विद्यापीठातील विल्यम प्रुसॉफ यांनी आयोडीनचा अणू जोडून 'आयडॉक्स्युरिडीन' बनवले. विषाणू आपली नक्कल काढताना फसून खऱ्या घटकाऐवजी हाच बनावट घटक उचलतो आणि त्याची वाढ बिघडते. बनवले होते कर्करोगासाठी. पण १९६२ साली डॉ. हर्बर्ट कॉफमन यांनी नागिणीच्या भाऊबंदातल्या 'हर्पिस सिम्प्लेक्स' विषाणूने डोळ्यात झालेल्या जखमेवर ते वापरले आणि गुण आला. पोटात घ्यायला ते फार विषारी, म्हणून थेंबच, दिवसा तासातासाला. नागिणीवरही ते वापरून पाहिले गेले, पण डोळ्यातल्या नागिणीला त्याचा भरवसा नव्हता. तो आला पुढे असायक्लोव्हिरच्या गोळ्यांनी. त्या औषधामागच्या संशोधक गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल मिळाले.

म्हणजे १९६८ साली आईला वेळेवर नेले असते, तरी त्या विषाणूवर हमखास औषध नव्हतेच. हे कळले तेव्हा मन थोडे हलके झाले. थोडेच.

कारण आज तशी सबब नाही. गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झालेल्या चांगल्या. पन्नाशीनंतर घ्यायची लसही २०२३ पासून भारतात मिळते. तेव्हा मंडळी, कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले, तर गेरू उगाळत बसू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.