अडथळा कोणाचा?

'सरकारी कामात अडथळा आणला' हे वाक्य चळवळीत काम करणाऱ्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मोर्चा, जमिनीचा कब्जा, पाणवठा, मजुरी, बलात्काराची फिर्याद, प्रश्न कोणताही असो. शेवटी ठाण्यातल्या कागदावर आपल्या माणसांच्या नावापुढे हेच वाक्य येऊन बसते. आपण आपल्या वेदनेचे साहित्य लिहिले, आणि ते लिहायलाच हवे होते. पण आपल्याविषयी पोलीस ठाण्यात आणि कोर्टात जे लिहिले गेले, त्याचा इतिहास आपण फारसा लिहिला नाही. हा लेख त्या बाजूला टाकलेले एक लहानसे पाऊल आहे.

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याचे आतले, डोंगराकडचे तालुके. इथून रेल्वे जाते, मुंबई-पुणे रस्ता जातो, टाटांची वीज खोपोलीला तयार होते. पण डोंगराच्या कडेला असलेल्या कातकरी वाड्यांतली माणसे पावसाळ्यात उचल घेतात आणि दिवाळीनंतर ती फेडायला वीटभट्टीवर जातात, हा क्रम पिढ्यान्पिढ्या चालत आलेला आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी अशाच एका वाडीतली बाई माझ्याकडे आली. तिला आणि तिच्या नवऱ्याला भट्टीमालकाच्या माणसांनी जातीवरून शिव्या देत मारले होते. तिच्याबरोबर वस्तीतली आणि आमच्या बौद्धवाडीतली सहा माणसे होती. "गुरुजी, कागुद लिवून द्या," एवढेच ती म्हणाली. मी अर्ज लिहून दिला, दोन प्रती काढायला सांगितल्या, आणि घरी राहिलो. शाळा होती हे कारण मी त्यांना सांगितले. खरे कारण नोकरीची भीती हे होते.

ती माणसे तालुक्यातल्या एका ठाण्यात दुपारी पोचली. अर्ज घेतला, एका प्रतीवर शिक्का मिळाला. पण गुन्हा नोंदवायला नकार. "साहेब नाहीत, उद्या या." माणसे उठली नाहीत. बाई दारातच बसून राहिली. संध्याकाळी गुन्हा दाखल झाला, तो मात्र या सहाजणांवर. कलम 353 आणि 186. मारहाणीची फिर्याद तशीच पडून राहिली.

या दोन कलमांतला फरक प्रत्येक कार्यकर्त्याने नीट समजून घ्यावा असा आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेतील 186 म्हणजे लोकसेवकाच्या कामात स्वेच्छेने अडथळा आणणे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत. हा गुन्हा अदखलपात्र. त्यासाठी पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत. शिवाय फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 195 प्रमाणे, संबंधित लोकसेवकाने किंवा त्याच्या वरिष्ठाने लेखी तक्रार कोर्टाकडे केल्याशिवाय कोर्टाला त्याची दखलच घेता येत नाही. 353 म्हणजे लोकसेवकाला कामापासून परावृत्त करण्यासाठी हमला किंवा फौजदारी बळाचा वापर. हा गुन्हा दखलपात्र आहे, आणि फौजदारी प्रक्रियेत 2005 साली झालेल्या दुरुस्तीनंतर अजामीनपात्रही. 186 मध्ये माणूस घरी जातो, 353 मध्ये कोठडीत. आणि एकाकडून दुसऱ्याकडे जायला कागदावर एकच शब्द पुरतो : 'धक्काबुक्की'.

सर्वोच्च न्यायालयाने 1966 साली दुर्गाचरण नाईक खटल्यात ही दोन कलमे वेगळी आहेत, 353 ला बळ किंवा हमला लागतो, 186 ला लागत नाही, असे स्पष्ट केले. त्याच निकालाने हेही सांगितले की 353 साठी 195 ची लेखी तक्रार लागत नाही. म्हणजे पळवाट कायद्यातच आहे. ती आपल्याला बंद करता येत नाही, पण उलटतपासात तिच्या तोंडाशी उभे राहता येते. नुसते शब्द म्हणजे हमला नव्हे, हे कलम 351 च्या स्पष्टीकरणातच लिहिलेले आहे. मोठ्याने बोलणे, दारात बसणे, "आमची तक्रार घ्या" असे पुन्हा पुन्हा म्हणणे हे 353 नव्हे. 2015 साली माणिक तनेजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांविरुद्ध फेसबुकवर लिहिण्याला 353 लागत नाही असे ठरवले, तेही याच पायावर.

आमच्या सहाजणांचे पुढे काय झाले? पहिली अडचण कायद्याची नव्हती, सातबाऱ्याची होती. जामीनदार द्यायचा तर जमीन किंवा पगार असलेला माणूस हवा. सहाजणांच्या सग्यासोयऱ्यांत सातबारा कोणाकडेच नव्हता. ज्याच्या आजोबाला जमीन मिळाली नाही, तो नातू दोन रात्री जास्त कोठडीत राहतो, असा हा हिशेब आहे. मग चार वर्षे तारखा. प्रत्येक तारखेला एका दिवसाची मजुरी बुडाली. शेवटी मी साक्षीला उभा राहिलो. अर्जाची शिक्का मारलेली प्रत कोर्टात दाखल झाली आणि ही माणसे फिर्याद द्यायलाच गेली होती हे त्या कागदाने सांगितले. उलटतपासात हवालदाराने कबूल केले : वाट अडवली, पण अंगाला हात लावला नाही. 186 साठी लेखी तक्रार नव्हती, 353 साठी बळ नव्हते. सगळे निर्दोष सुटले. पण तोवर ती बाई दुसऱ्या भट्टीवर, दुसऱ्या जिल्ह्यात गेली होती. तिची फिर्याद कोणी चालवलीच नाही. न्यायात अडथळा आला तो इथे. आणि त्याबद्दल कोणावरही खटला झाला नाही.

अशा वेळी मला याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचे महाड आठवते. 1923 चा बोले ठराव, 1924 चा महाड नगरपालिकेचा ठराव, 20 मार्च 1927 चे चवदार तळ्याचे पाणी हे आपण पाठ केलेले आहे. त्यानंतरचा डिसेंबर मात्र आपण घाईने ओलांडतो. 25 डिसेंबरची सत्याग्रह परिषद जवळ आली आणि 14 डिसेंबरला सवर्णांनी महाडच्या दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. परिषदेला आलेले लोक तुरुंगात जायला तयार होते. बाबासाहेबांनी तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब केला. अनेकांना ती माघार वाटली.

मी ते असे वाचतो. सनातन्यांना प्रश्न बदलायचा होता. 'पाण्यावर हक्क कोणाचा?' हा प्रश्न त्यांना गैरसोयीचा होता; 'कोर्टाचा हुकूम कोणी मोडला?' हा सोयीचा. बॅरिस्टर आंबेडकरांनी त्यांना तो दुसरा प्रश्न दिला नाही. ज्या कृतीला कोणताही मनाई हुकूम नव्हता ती कृती, मनुस्मृतीचे दहन, त्यांनी 25 डिसेंबरला घडवली. आणि तळ्याचा दावा कोर्टातच लढवला. दहा वर्षे लागली. 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अनादी काळापासून चालत आलेली रूढी सवर्णांना सिद्ध करता आली नाही. आरोपी होण्याचे टाळणे म्हणजे भिणे नव्हे. कोणत्या प्रश्नावर उभे राहायचे हे आपण ठरवायचे, ठाण्याने नव्हे, असा त्याचा अर्थ.

याचा अर्थ हुकूम मोडणारे चुकले असाही नाही. याच कुलाबा जिल्ह्यात 25 सप्टेंबर 1930 ला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला आणि मरणाऱ्यांत नाग्या कातकरी होता. कर्जत तालुक्यातल्या माथेरानचे भाई कोटवाल नाभिक समाजातले, स्वतः वकील. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. सरकारच्या दप्तरी हे सगळेच अडथळा आणणारे होते. आज सरकारच त्यांना हुतात्मा म्हणते. त्या दिवशी अभिवादनाला उभ्या राहणाऱ्या अधिकाऱ्यांना एक विचारावेसे वाटते : नाग्याची नात फिर्याद घेऊन दारात बसली, तर तिच्यावर कोणते कलम लावाल?

कारण दुसऱ्या बाजूचा अडथळाही कायद्याला माहीत आहे. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम 4 सांगते की अनुसूचित जाती-जमातींचा नसलेल्या लोकसेवकाने कर्तव्यात जाणूनबुजून कसूर केली तर सहा महिने ते एक वर्ष शिक्षा. 2015 च्या दुरुस्तीने ही कर्तव्ये मोजून लिहिली : तक्रार नोंदवणे, ती वाचून दाखवणे, प्रत देणे, जबाब घेणे. पण त्यासाठी आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते. दोन अडथळे शेजारी ठेवून पाहा. आपल्या माणसाने आणलेला अडथळा हवालदाराच्या शब्दावर त्याच संध्याकाळी गुन्हा होतो. साहेबाने आणलेला अडथळा चौकशीच्या फायलीत जातो. जातिव्यवस्था आता कायद्याच्या अक्षरात राहत नाही म्हणतात. ती या दोन कागदांच्या वेगात राहते.

2018 साली महाराष्ट्रातून गेलेल्या सुभाष महाजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अत्याचाराच्या फिर्यादीआधी प्राथमिक चौकशीची मुभा दिली. तारीख होती 20 मार्च. देशभर लोक रस्त्यावर आले, त्याच वर्षी संसदेने कलम 18 अ घातले, आणि 2019 मध्ये न्यायालयाने ते निर्देश मागे घेतले. त्याच 2018 मध्ये महाराष्ट्राने 353 ची शिक्षा दोनाची पाच वर्षे केली. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. 353 चे 132 झाले आणि शिक्षा पुन्हा दोन वर्षे, 186 चे 221 झाले, 195 ची अट नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 215 मध्ये गेली. आकडे बदलले, दार तेच आहे.

म्हणून विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे साधे आहे. ठाण्यात जाताना अर्ज लेखी न्या आणि वेळेसह पोच घेतल्याशिवाय पुढचे बोलू नका. तक्रार घेत नाहीत तर पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा, मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. आवाज चढला तरी हात खाली ठेवा. 221 आणि 132 यांच्यामधले अंतर तेवढेच आहे. आपल्यावर गुन्हा झाला तर आपला बचाव करता करता मूळ फिर्याद सोडू नका. आमच्याकडून तीच चूक झाली.

आणि शिक्षकांना, म्हणजे मलाही : अर्ज लिहून देऊन घरी राहू नका. साक्षीला चार वर्षांनी जावेच लागते. त्या दुपारी गेलो असतो तर कदाचित ती फिर्याद कोणीतरी चालवली असती.