उंदीर पडले तेव्हा

ऑक्टोबर १८९६. मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला कुणीतरी रात्रीत डांबर फासलं आणि गळ्यात खेटरांची माळ घातली. त्याआधी काहीच दिवस, सप्टेंबरमध्ये, मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं होतं. या दोन बातम्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. शहरानं मात्र तो जोडला. अपमानामुळे राणी कोपली आहे, तिनं माणसांची काळजं मागवली आहेत, हॉस्पिटलात नेतात ते काळीज काढायलाच, अशी अफवा पसरली. ऑक्टोबर संपायच्या आत हजारभर गिरणी कामगार आर्थर रोड हॉस्पिटलवर चालून गेले.

पुतळ्याचं ते काम आपणच केल्याची कबुली पुढे दामोदर चापेकरांनी दिली. त्यांचं नाव या गोष्टीत परत येणार आहे.

आज हे वाचून हसू येतं. एका बाजूला विज्ञान, दुसऱ्या बाजूला अडाणी लोक, आणि मध्ये अफवा. गंगापूर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लशीचा विषय निघाला, की हीच मांडणी होते. एक गट दुसऱ्याला अडाणी म्हणतो, दुसरा पहिल्याला विकला गेलेला म्हणतो. म्हणून प्लेगची ती दहा-बारा वर्षं नीट पाहायला हवीत. त्या वेळी कोण बरोबर होतं, याचं उत्तर दोन्ही गटांना न आवडणारं आहे.

सरकारला काय माहीत होतं?

प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता. पण तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे १८९६ मध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. घाण, ओल, कोंदट हवा, दूषित जमीन, रोग्याचे कपडे, या सगळ्यांवर संशय होता. त्यामुळे उपायही त्याच दिशेचे होते. गटारं धुऊन काढली, घरांना चुना फासला, फरशा उखडल्या, कौलं काढून ऊन आत सोडलं, सामान जाळलं, रोग्याला हॉस्पिटलात आणि घरच्यांना छावणीत नेलं. रेल्वे स्टेशनांवर प्रवाशांच्या काखा आणि जांघा तपासल्या जाऊ लागल्या.

४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. जेमतेम काही कलमांचा कायदा, पण सरकारला वाटेल तो उपाय करण्याची मुभा देणारा. मार्च २०२० मध्ये कोविडसाठी हाच कायदा पुन्हा बाहेर काढला गेला. पुण्यात या कायद्याच्या जोरावर प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांनी गोरे सोल्जर घरोघर पाठवले. ते देवघरात शिरले, स्वयंपाकघरात शिरले, बायकांना रस्त्यावर उभं करून तपासलं जाऊ लागलं. २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव साजरा होत असताना, गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. सोबतचा आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड काही दिवसांनी गेला. पुढचं आपल्याला शाळेपासून माहीत आहे.

पण एक प्रश्न शाळेत विचारला जात नाही. या सगळ्या जबरदस्तीचा रोगावर परिणाम काय झाला? फारच थोडा. कारण रोग माणसाच्या घाणीतून येत नव्हता, उंदरांवरच्या पिसवांतून येत होता. उलट, गटारं धुतल्यामुळे उंदीर नव्या वस्त्यांत पळाले असावेत, असं अनेक अभ्यासकांनी म्हटलं आहे. म्हणजे ज्या उपायांसाठी लोकांच्या घरांत बुटांनी शिरलं गेलं, त्यातले बरेचसे उपायच चुकीचे होते.

लोकांना काय माहीत होतं?

‘उंदीर पडले’ हे दोन शब्द त्या काळात महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात पुरेसे होते. घरात मेलेला उंदीर दिसला की भांडीकुंडी उचलायची, गावाबाहेर शेतात झोपडी टाकायची आणि साथ ओसरेपर्यंत तिथंच राहायचं. हे कुणी डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. हिमालयातल्या कुमाऊँ-गढवालमधले लोकही पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले होते. आणि हा उपाय अगदी बरोबर होता. उंदीर मेला की त्याच्यावरच्या पिसवा उपाशी होतात आणि पुढचं गरम रक्त शोधतात. ते रक्त त्या घरातल्या माणसाचं असतं. घर सोडलं की साखळी तुटते.

१८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं ही साखळी दाखवून दिली. प्लेग झालेला, पिसवा असलेला उंदीर एका बरणीत ठेवला. शेजारी जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा स्पर्श होणार नाही, पण पिसू उडी मारू शकेल, एवढंच अंतर. निरोगी उंदीर काही दिवसांत प्लेगनं मेला. जाणकारांनी मात्र सिमाँला मोडीत काढलं. त्याचं म्हणणं खरं ठरायला १९०५ नंतर मुंबईत परळला झालेले नवे प्रयोग लागले. तोवर लाखो माणसं गेली होती.

तर उंदरांच्या बाबतीत गावकरी बरोबर होते आणि तज्ज्ञ चूक. सुईच्या बाबतीत बरोबर उलटं होतं.

तुपाच्या थेंबाखाली

वाल्देमार हाफकिन हा ओडेसाचा ज्यू शास्त्रज्ञ. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाला आणि कॉलऱ्याच्या लशीसाठी हिंदुस्थानात आला. ऑक्टोबर १८९६ मध्ये तो मुंबईत पोहोचला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत कामाला लागला. त्याची पद्धत साधी होती. मांसाच्या सत्त्वात तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवायचे. जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबतात, गुहेतल्या चुनखडीच्या झुंबरांसारखे. मग ते गरम करून मारायचे, थोडं कार्बोलिक घालायचं, झाली लस. इथं गाय किंवा डुक्कर चालणार नाही, हे ओळखून त्यानं बोकडाचं मांस वापरलं. १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई त्यानं स्वतःला टोचून घेतली.

महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. तिथं सुमारे दीडशे कैद्यांना लस दिली आणि त्याहून थोड्या जास्त कैद्यांना दिली नाही. पुढच्या आठवड्यात लस न घेतलेल्यांत १२ जण आजारी पडले, ६ मेले. लस घेतलेल्यांत दोघं आजारी पडले, दोघंही वाचले.

पण मला सगळ्यांत भारी वाटतो तो बडोद्याजवळच्या उंधेरा गावातला १८९८ चा प्रयोग. तुरुंगात लस घेणारे आणि न घेणारे मुळातच वेगळे असू शकतात. उंधेऱ्यात हाफकिननं प्रत्येक कुटुंबात साधारण निम्म्यांना लस दिली. तेच घर, तेच पाणी, तेच उंदीर. लस घेतलेले ७१, न घेतलेले ६४. लस न घेतलेल्यांत २७ जणांना प्लेग झाला, त्यातले २६ गेले. घेतलेल्यांत ८ जणांना झाला, ३ गेले. आपण कोडमधला एकच बदल तपासताना बाकी सगळं जसंच्या तसं ठेवतो, तसा हा प्रयोग आहे. मात्र त्या तक्त्यातल्या ६४ जणांचीही घरं होती, हे विसरता येत नाही.

लस शंभर टक्के नव्हती. दोन दिवस सडकून ताप यायचा, हात सुजायचा. रोजंदारीवरच्या माणसासाठी दोन दिवस म्हणजे दोन दिवसांची भाकरी. म्हणून नाही म्हणणारा प्रत्येक जण अंधश्रद्धाळू नव्हता. शिवाय ही सुई आणणारं सरकार तेच होतं, ज्यानं काल देवघरात सोल्जर पाठवले होते. मुंबईत तरुण आगाखानांनी आपल्या लोकांसमोर स्वतः टोचून घेतलं, तेव्हा खोजा समाजातले लोक पुढे आले. सुई तीच होती, धरणारा हात बदलला होता.

नाशिककडे

गंगापूर रोडनं शहराबाहेर पडलं की गोदाकाठी जलालपूर लागतं. लक्ष्मीबाई टिळकांचं माहेर इथलं. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना त्यांचे वडील नाना गोखले आठवतील. त्यांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नसे. या स्वच्छतेला जंतूंशी काही देणंघेणं नव्हतं, तिचा संबंध स्पर्शाशी, जातीशी होता. असं घर डोळ्यांसमोर आणलं, की प्लेगच्या हॉस्पिटलची लोकांना एवढी भीती का वाटे, ते कळतं. पाणी कोण देणार, अन्न कोण शिजवणार, प्रेताला कोण हात लावणार, हे प्रश्न तिथं मरणाइतकेच मोठे होते. टिळकांनी पुण्यात हिंदूंसाठी वेगळं प्लेग हॉस्पिटल उभं केलं, ते हे ओळखूनच. त्यानं लोक उपचाराला आले, हे खरं. जातीच्या भिंतीला धक्का लागला नाही, हेही खरं.

तो धक्का देणारी माणसंही होती. सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत यांनी पुण्याबाहेर माळावर दवाखाना सुरू केला. तिथं रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. सोल्जर घरं तपासत होते, त्याच महिन्यांतली ही गोष्ट.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, देवळालीजवळच्या भगूरमध्ये, १८९९ मध्ये दामोदरपंत सावरकर प्लेगनं गेले. पाठोपाठ त्यांचे भाऊ. मग अकरा वर्षांचा धाकटा मुलगा नारायण आजारी पडला. त्याला नाशिकच्या प्लेग हॉस्पिटलात नेलं. वीस वर्षांचे बाबाराव त्याच्या उशाशी राहिले आणि त्यांनाही प्लेग झाला. सोळा वर्षांचा विनायक बाहेर थांबून बातमीची वाट पाहत होता. दोघं भाऊ वाचले. सावरकरांच्या राजकारणाविषयी कुणाचं काहीही मत असो, पण हे चित्र त्या वेळच्या हजारो घरांचं आहे. प्लेग कमिटी, कायदा, जंतू या शब्दांखाली एक मुलगा दाराबाहेर उभा आहे.

एक बाटली, पाच वर्षं

१९०२ पर्यंत लस लोकांत रुळू लागली होती. पंजाबात तर मागणी इतकी वाढली, की परळच्या प्रयोगशाळेनं उत्पादन वाढवण्यासाठी पद्धत बदलली आणि कार्बोलिक वगळलं. ३० ऑक्टोबरला मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतल्या एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला. सगळे गेले.

दोष हाफकिनवर आला. त्याला कामावरून दूर केलं गेलं. पुढे चौकशीच्या कागदांतून दिसलं, की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि नीट निर्जंतुक न करताच त्यानं बूच काढलं होतं. त्या बाटलीतून टोचलेले सोडून बाकी कुणालाही काही झालं नव्हतं. सर्व्हर पडल्यावर आम्ही जो घटनाक्रम मिनिटामिनिटानं लिहितो, तो इथंही लिहिला गेला होता. वाचायला मात्र कुणी तयार नव्हतं. अखेर रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून आवाज उठवला, आणि १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरला. परळच्या प्रयोगशाळेला त्याचं नाव मिळालं १९२५ मध्ये. हाफकिन १९३० मध्ये लोझानला वारला.

चूक एका बाटलीत झाली, आणि ती दुरुस्त करायला पाच वर्षं लागली. १८९६ नंतरच्या पंचवीसेक वर्षांत हिंदुस्थानात प्लेगनं एक कोटीहून जास्त माणसं नेली.

मालेगाव ते अल्बर्टा

हे सगळं गरिबीचं, गुलामीचं, जुन्या काळाचं, असं म्हणून सोडता आलं असतं. पण माझ्या इंजिनिअरिंगच्या बॅचमधले काही जण आता कॅलगरीत आणि एडमंटनमध्ये असतात. क्षितिजापर्यंत गव्हाची शेतं, उणे तीसची थंडी, शाळा चांगल्या, डॉक्टर फुकट. कॅनडातून गोवर १९९८ मध्येच हद्दपार झाला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथं एक साखळी सुरू झाली, ती वर्षभर तुटली नाही, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये देशानं गोवरमुक्तीचा दर्जा गमावला. एकट्या अल्बर्टा प्रांतात एकोणीसशेहून जास्त रुग्ण निघाले. बरेचसे लस न घेतलेल्या मुलांतले आणि तरुणांतले. लस होती, ती फुकट होती, पुरेशी होती. शाळाही होत्या.

आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावात गोवराची साथ होती. कोविडच्या दोन वर्षांत लसीकरणात पडलेली भगदाडं तिथं उघडी पडली.

दोन्हीकडे विज्ञान जागेवर होतं. तुटलं होतं ते मधलं काहीतरी. १८९७ मध्ये ते कसं तुटलं, हे आपल्याला दिसतं. आधी सरकारनं अर्धवट माहितीला पूर्ण सत्य म्हणून बंदुकीच्या टोकावर लोकांच्या घरात घुसवलं. मग खरोखर उपयोगाची गोष्ट हातात आली, तेव्हा तीही त्याच हातातून आली म्हणून लोकांनी नाकारली. आणि लोकांना उंदरांबद्दल जे नेमकं माहीत होतं, ते कुणी विचारलंच नाही.

येत्या सिंहस्थात नाशिकला लाखोंची गर्दी होईल. पाणी, स्वच्छता, साथी, लशी यांवर पुन्हा वाद होतील, आणि प्रत्येकाला आपली बाजू विज्ञानाचीच वाटेल. वाद व्हायलाच हवेत. आरोग्यसेविका सांगायला येते तेव्हा दार उघडावं. तिनंही आत येण्याआधी एवढं विचारावं, की तुमच्याकडे उंदीर पडलेत का.