क्रेडिट कार्डचा कॅशबॅक नेमका कुणाच्या खिशातून येतो?

१,००० रुपयांच्या खरेदीवर १० रुपये कॅशबॅक मिळाला. हे पैसे बँक पदरचे देते का? तर नाही.

कार्ड स्वाइप झालं की दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही. त्यातून ‘मर्चंट डिस्काउंट रेट’ म्हणजेच एमडीआर कापला जातो. हा दर २ टक्के धरला, तर १,००० पैकी २० रुपये कापले जातात. त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो. उरलेले पैसे व्हिसा, रुपेसारखं नेटवर्क आणि दुकानदाराला मशीन देणारी बँक यांच्यात वाटले जातात. कॅशबॅकचे १० रुपये कार्ड देणाऱ्या बँकेच्या वाट्यातून येतात. काही दुकानदार कार्ड पाहून वर दोन टक्के मागतात, ते याच कपातीमुळे.

दुसरा स्रोत म्हणजे वार्षिक शुल्क, लेट फी आणि व्याज. समजा, १०,००० रुपयांचं बिल थकलं आणि व्याजदर महिना ३.५ टक्के आहे. एका महिन्याचं व्याज ३५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३ रुपये. म्हणजे १ टक्का दराने १०० रुपये कॅशबॅक मिळाला, पण ४१३ रुपयांचा भुर्दंड बसला. फक्त ‘मिनिमम ड्यू’ भरल्याने लेट फी टळते, व्याज नाही.

थोडक्यात, कॅशबॅकचा खरा फायदा दर महिन्याला मुदतीत पूर्ण बिल भरणाऱ्यालाच होतो. त्याच्या कॅशबॅकचा भार दुकानदार आणि बिल थकवणारे ग्राहक उचलत असतात.