इन, चावडी, छत्र

गेल्या पावसाळ्यात केंट परगण्यातल्या जुन्या गावांविषयीच्या एका इंग्रजी पुस्तकातली दोन प्रकरणे मराठीत आणायचे काम माझ्याकडे आले. आमच्या वेलचेरीत पावसाळा म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. तळ्याच्या पोटात वसलेल्या या उपनगरात त्या दिवसांत घराबाहेर पडण्यापेक्षा शब्दकोशात बुडणे बरे. गावे, चर्च, कुंपणे, हॉपच्या बागा हे सगळे सहज उतरले. अडले ते 'इन' आणि 'पब' या दोन शब्दांपाशी, आणि केंटच्या गावात या दोघांना टाळून पुढे जाताच येत नाही.

मराठीत शब्द नाहीत असे नाही, पण प्रत्येकात काहीतरी खटकते. 'सराई' म्हटले की उंट-घोडे आणि दिल्लीची वाट डोळ्यांपुढे येते. 'खानावळ' पोटाची सोय करते, पाठीची नाही. 'गुत्ता' हा मुळात मक्त्याला, ठेक्याला दिलेला शब्द. गुत्तेदार आजही रस्ते आणि पूल बांधतो, पण नुसता गुत्ता म्हटले की दारूचाच. शिवाय गुत्त्यावर माणूस तोंड लपवून जातो, आणि केंटमधला शेतकरी पबमध्ये कुत्र्याला घेऊन, शेजाऱ्याला हाक मारत जातो. 'धर्मशाळा' हा शब्द मी पहिल्या खर्ड्यात बरेच दिवस ठेवला होता. पण धर्मशाळेत बिअर मिळत नाही आणि इनमध्ये फुकट काही मिळत नाही.

ही दुसरी अडचण नुसत्या शब्दाची नाही. कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये ११७० साली आर्चबिशप टॉमस बेकेटचा खून झाला आणि पुढे साडेतीनशे वर्षे लंडनहून तिथवरचा रस्ता यात्रेकरूंनी वाहत राहिला. चॉसरची यात्रा निघते ती साउथवर्कच्या 'टाबर्ड' या इनमधून, म्हणजे पैसे घेणाऱ्या घरातून. खुद्द कँटरबरीत मठवाल्यांनीच १३९०च्या दशकात 'चेकर ऑफ द होप' नावाची प्रचंड इन बांधली, उत्पन्नासाठी. पण त्याच रस्त्यावर दुसऱ्या जातीची घरेही होती. फॅवरशॅमजवळ ऑस्प्रिंज गावात तिसऱ्या हेन्रीने तेराव्या शतकात स्थापलेले 'मेझों द्यू' होते. शब्दशः देवाचे घर. वाटसरू, आजारी, गरीब यांना तिथे आसरा मिळे आणि खर्च दान दिलेल्या जमिनींतून निघे. १५१६मध्ये ते बंद पडलेल्या अवस्थेत केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजच्या हाती गेले. वीस वर्षांनी आठव्या हेन्रीने मठच बरखास्त केले, १५३८मध्ये बेकेटची समाधीही मोडली. देणारी घरे गेली, विकणारी राहिली. आज केंटमध्ये पर्यटक ज्या काळ्या तुळयांच्या इनचे फोटो काढतात, त्या या उरलेल्यांपैकी.

हे वाचताना मला दक्षिणेकडचा दुसरा रस्ता आठवत होता. तिकडे जाण्याआधी एका शब्दाचा प्रवास सांगायला हवा.

चेन्नईच्या जुन्या इंग्रजी नकाशांवर जागोजाग 'चौल्ट्री' लिहिलेले असते. आजच्या अण्णा सालईच्या आसपासच्या मोकळ्या रानाला कंपनीचे लोक चौल्ट्री प्लेन म्हणत. १७८२च्या दुष्काळात, हैदरअलीच्या स्वाऱ्यांनी शेतीभाती उद्ध्वस्त झाल्यावर, शहराच्या उत्तरेला पेजेचे केंद्र सुरू झाले. ते मणेगार चौल्ट्री म्हणून ओळखले गेले. म्हणजे चौल्ट्री हा उतरण्याचा, जेवण्याचा आसरा. पण सतराव्या शतकातल्या मद्रासमध्ये कंपनीचे न्यायाधीश बसत त्या जागेलाही चौल्ट्रीच म्हणत. आसरा आणि कचेरी एकाच शब्दात कशी? १८८६च्या हॉब्सन-जॉब्सन कोशाने याचे मूळ दाखवले आहे : चावडी.

हा आपलाच शब्द, आणि आपल्याकडे तो फक्त कचेरीच राहिला. चावडीवर पाटील-कुलकर्णी बसतात, दवंडी तिथून निघते, महसूल तिथे भरायचा, गुन्हेगार तिथे उभा करायचा. चावडीवर बोलावणे आले तर पोटात गोळा येतो, भूक लागत नाही. तमिळमध्ये 'सावडी' अजून दोन्ही अंगांनी जिवंत आहे. मतदान केंद्र म्हणजे वाक्कुच्चावडी, टोलनाका म्हणजे सुंगच्चावडी. वेलचेरीहून तंजावरला मोटारीने जायचे तर अशा कित्येक चावड्यांवर पैसे भरत जावे लागते. (गावातली चावडी टळते म्हणून शहरात आलेल्यांनी याची नोंद घ्यावी.)

तर तो दक्षिणेचा रस्ता. तंजावर १६७०च्या दशकात व्यंकोजीराजांच्या हाती आले आणि पुढे पावणेदोनशे वर्षे तिथे भोसल्यांचे राज्य होते. काशीची गंगा रामेश्वराला वाहायची आणि सेतूची वाळू काशीला न्यायची, ही जन्माची यात्रा करणारे हजारो लोक त्यांच्या मुलखातून पायी जात. त्या वाटेवर राजांनी अन्नछत्रे बांधली. तमिळमध्ये त्यांना सत्तिरम म्हणतात, आणि इथे तमिळने आपल्यावर मात केली आहे. मूळ संस्कृत शब्द 'सत्र'. अन्नसत्राचे अन्नछत्र करून आपण त्यात उगाच छत्री उघडली.

नीडामंगलमला प्रतापसिंहाच्या काळचे यमुनाबाईंच्या नावाचे छत्र आहे. किनाऱ्याने रामेश्वराकडे उतरत जावे तर मणमेलकुडीला द्रौपदाबाईंचे, मिमिसलला राजकुमाराबाईंचे. तंजावरहून पट्टुकोट्टैच्या वाटेवर ओरत्तनाडूला दुसऱ्या सरफोजीने आपल्या लाडक्या मुक्ताबाईंच्या नावे बांधलेले मुक्ताम्बाळ छत्र. आपली 'बाई' तमिळ जिभेवर 'अम्बाळ' झाली, म्हणजे थेट देवीच. सरफोजीचे मुक्ताबाईंशी लग्न झालेले नव्हते. दरबारच्या वंशवृक्षात जिला सहज जागा मिळाली नसती, तिच्या नावाने गाव वसले आणि कागदोपत्री मुक्ताम्बापूर झाले. इंग्लंडमधल्या इनच्या पाट्यांवर राजाचे डोके, राजाचा मुकुट, दुसऱ्या रिचर्डचे बोधचिन्ह असलेले पांढरे हरीण. इथे ओळीने बायका.

१७९९च्या तहाने सरफोजीने राज्यकारभार कंपनीला दिला. त्याच्याकडे तंजावरचा किल्ला आणि महसुलाचा पाचवा हिस्सा ठरलेल्या तनख्यासह उरला. छत्रे किल्ल्याबाहेर, त्यांना लावून दिलेली गावेही बाहेर. १८०१मध्ये त्याने रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला एक लांबलचक पत्र लिहून छत्रे आपल्याकडेच राहू द्यावीत अशी विनंती केली. माझ्या मते छत्रांविषयी याहून जिवंत कागद नाही. ब्राह्मणापासून परैयापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, जो येईल त्याला शिजवलेला भात मिळतो. ज्यांना दुसऱ्याच्या हातचे चालत नाही त्यांना कोरडा शिधा मिळतो. वाढणे मध्यरात्रीपर्यंत चालते, मग घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिले असेल तर यावे, असे पुकारतात. आजारी माणूस बरा होईपर्यंत ठेवून घेतात. वैद्य आहे, साप-विंचवाचे विष उतरवणारा आहे. लहान मुलांना दूध मिळते, बाळंतिणीची काळजी घेतली जाते. वाटेत मेलेल्या परक्याचे अंत्यसंस्कार त्याच्या जातीच्या रीतीने होतात, आणि मागे राहिलेल्या पोराला पंतोजीकडे शिकायला घालतात.

हे पत्र वाचून भारावून जायला होते, तरी दोन गोष्टी विसरू नयेत. एक, ही मालमत्ता राखू पाहणाऱ्या राजाची विनवणी आहे. जमाखर्चाची वही नाही. दुसरी, सर्वांना मिळते याचा अर्थ सर्व एका पंगतीला बसत असा नाही. कोरड्या शिध्याचा उल्लेखच ते सांगून जातो. चॉसरच्या टाबर्डमध्ये सरदार, गिरणीवाला आणि मठाची थोरली एकाच छपराखाली जेवतात, कारण तिथे पैसा चालतो, कूळ नाही. पैशाची ही उदारता दानाला जमली नव्हती. पण खिशात पैसाच नसेल तर टाबर्डच्या दारातून परत फिरावे लागे आणि ओरत्तनाडूला मध्यरात्री घंटा वाजे. यातले मोठे कोणते हे मला ठरवता आलेले नाही.

हे कागद आपल्यापर्यंत कसे येतात तेही सांगते. छत्रांचा कारभार मराठीत, मोडीत चाले. तंजावरच्या त्या मोडी कागदांचे तमिळ अनुवाद तिथल्या तमिळ विद्यापीठाने छापले. मला मोडी येत नाही, तमिळ वाचता येते. वेलचेरीच्या घरात बसून मी मराठी राजाच्या मराठी कारकुनाने लिहिलेला तांदळाचा हिशेब तमिळमधून वाचते आणि मनातल्या मनात मराठीत परत नेते. आमच्या इमारतीत एक आजी आहेत, तंजावरहून आलेल्या मराठी घरातल्या. त्यांना हे सांगितले तर त्या खळखळून हसल्या. त्यांच्या घरात मराठी बोलली जाते, पण लिहिणारे शेवटचे कोण होते ते त्यांना आठवत नाही.

१८५५मध्ये शिवाजीराजे औरस मुलगा न ठेवता वारले आणि तंजावर खालसा झाले. छत्रे सरकारकडे आणि पुढे जिल्हा बोर्डाकडे गेली. तोवर नागपट्टणमहून आगगाडी यायला निघालीच होती. १८६२पर्यंत ती तंजावरवरून तिरुचीला पोचली, आणि १९१४मध्ये पांबनचा पूल झाल्यावर यात्रेकरू गाडीत बसून समुद्र ओलांडू लागला. रस्त्यावर चालणारेच उरले नाहीत. छत्र कोणासाठी उघडे ठेवायचे?

पण आगगाडी केंटमध्येही आली होती, आणि आधी. घोड्यांच्या टपालगाड्या बंद पडल्या, मोठमोठ्या इनच्या तबेल्यांत गवत उगवले. तरी इन टिकल्या. मला वाटते त्या वाटसरूंमुळे टिकल्याच नाहीत. संध्याकाळी शेतावरून परतणारा गावकरी तिथे येत होता, आणि गाड्या थांबल्यावरही येत राहिला. छत्राचे उलटे. ते परक्यांसाठीच होते. गावाला त्याची सावली होती, गरज नव्हती. रात्री छत्रात जाऊन बसावे, गप्पा माराव्यात असे नीडामंगलमच्या कोणा शेतकऱ्याच्या मनात आले नसेल, आणि आले असते तर त्याला हसले असते. दानावर चालणारे घर दाता गेला की पडते हे खरेच. पण शेजाऱ्याला ज्याची सवय नाही ते घर आधीच पोकळ झालेले असते. (आता शेजारीही येईनासे झाल्याने इंग्लंडमध्ये दर वर्षी पब बंद पडतात, असे त्या पुस्तकात शेवटच्या प्रकरणात आहेच.)

याला अपवाद ओरत्तनाडू. तिथे छत्राला शाळा जोडलेली होती. पंतोजीकडे घातलेली ती पोरकी पोरे. यात्रा थांबली तरी मुले थांबली नाहीत. जानेवारीत मी गेले तेव्हा छत्राच्या आवारात सरकारी शाळा भरली होती. कामाचा दिवस असल्याने मला आत जाऊ दिले नाही आणि ते योग्यच होते. गेटवरच्या माणसाला मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये विचारले, हे कोणी बांधले? 'राणी,' तो म्हणाला. मुक्ताबाईंना कोणी राणी म्हटलेले मी पहिल्यांदा ऐकले.

तिथून दक्षिणेला समुद्राच्या अंगाने गेले की सेतुबावासत्तिरम नावाचे गाव लागते. छत्र नावात आहे. जवळच सरफोजीने १८१४मध्ये नेपोलियनच्या पराभवाप्रीत्यर्थ उभारलेला बुरूज आहे. त्यावर इंग्रजीबरोबर मराठी आणि तमिळ लेख आहेत. बसवरची पाटी, चहावाला, रिक्षावाला सगळे त्याला एकच नाव घेतात : मनोरा. त्या किनाऱ्यावर मराठी लिपी वाचणारे कोणी मला भेटले नाही, पण हा शब्द सगळ्यांचा आहे.

भाषांतर फेब्रुवारीत पाठवले. 'इन' आणि 'पब' तसेच ठेवले, तळटीप न देता. वाचकाने चॉसर किंवा डिकन्स कुठे ना कुठे भेटलेला असतो. 'धर्मशाळा' सगळीकडून काढली. ऑस्प्रिंजच्या मेझों द्यूपाशी मात्र 'देवाचे छत्र' लिहिले. संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह केले आणि 'आश्रम' सुचवला. मी त्यांना सरफोजीच्या पत्राचा सारांश पाठवला आहे.